थोरल्या जावेचा स्कॅन

सिमरोलच्या शांताबाईला कुणाचं बरं झालेलं फारसं सोसत नसे, आणि थोरल्या जावेचं तर मुळीच नाही. मंजिरीवहिनीची साडी नवी, तिची भाकरी फुगलेली, तिच्या सुनेला मुलगा. शांताबाईच्या पोटात दुखायला एवढं पुरे. एकाच बाबतीत तिची मान ताठ होती. पोटात गॅस होतो म्हणून मंजिरीवहिनी तीस वर्षं उघड बिडी ओढायची, आणि शांताबाई नाक मुरडून सांगायची की आपण कधी हात लावला नाही. लावत होती की! रोज गोठ्यामागे, म्हशीच्या आडोशाला, आणि तीही जावेच्याच बंडलातली.

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीचा कॅम्प गावात आला, तेव्हा गावची आशा सेविका सुनीता फॉर्म घेऊन ओट्यावर बसली. वय किती, बिडी किती वर्षं, दिवसाला किती. समोर थोरले दीर संताजीराव. शांताबाईने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि ठणकावून सांगितलं की मी नाही ओढत. सुनीताने तिच्या नावापुढे फुली मारली.

मग काय! बिडीवाल्या जावेसाठी पांढरी गाडी दारात. इंदूरला मोठ्या मशीनमध्ये स्कॅन, येताना कृष्णपुऱ्याच्या जुन्या समाधी-छत्र्यांपाशी फोटो, मल्हारगंजातली गरम जिलेबी. दोन दिवसांत रिपोर्टही साफ आला. डॉक्टरीण ‘मंजिरीजी’ म्हणाली, सुई नाही, दुखणं नाही, पाच मिनिटांत काम, असं मंजिरीवहिनी गल्लीभर सांगत सुटली. घरी आणलेली जिलेबी शांताबाईला कडू लागली. जन्मभर धूर काढला तिचे एवढे लाड, आणि आपल्याला कुणी विचारतही नाही?

आठ दिवस ती नुसती जळत होती. मंजिरीवहिनी समोर आली की पुन्हा तेच पुराण, रोज तिखटमीठ लावून. नवव्या दिवशी गाडी परत आली, तेव्हा भर ओट्यावर, संताजीरावांच्या देखत, शांताबाई सुनीताला म्हणाली, “लिही माझं नाव. मीपण ओढते, तीस वर्षं. वहिनींपेक्षा दोन वर्षं जास्तच लिही.”

संताजीराव उठून आत गेले. ती मात्र गाडीत खिडकीपाशी बसली.

तिच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली, आणि पुढच्या तपासण्यांत ती कॅन्सरचीच ठरली. अजून लहान आहे, ऑपरेशनने काढता येईल, खोकल्यातून रक्त पडेपर्यंत थांबलं असतं तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मंजिरीवहिनी तिच्या पलंगाशी येऊन बसली.

“माझ्या बंडलातल्या बिड्या कमी व्हायच्या, ते मला कळत नव्हतं होय गं? सुनीताला मी सांगितलं असतं तर तू जन्मात माझं तोंड पाहिलं नसतंस. म्हणून मुद्दाम तुझ्यापुढे मिरवत होते. म्हटलं, जळून का होईना, तपासायला तरी जाशील.”

शांताबाई रडली. रडता रडता तिला जुनीच आग पुन्हा लागली.

“रिपोर्ट साफ तुमचा, आणि वर पुण्यही तुमचंच,” ती म्हणाली, आणि जावेचा हात काही तिने सोडला नाही.