परसाकडचं रान

माझं माहेर पालघरचं, स्टेशनाजवळचं. तिथून मी चिंचणीजवळच्या एका वाडीवाल्यांच्या घरात पडले. पडले हाच शब्द बरोबर. चिकूची वाडी, विहीर, दोन म्हशी, सासू-सासरे, नवरा, दोन दीर, आणि या सगळ्यांना पुरी पडायला मी एकटी. साठ सालानंतरच्या त्या दिवसांत मला कुणी काय हवं विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, बसायला द्या. पण बसलेली दिसले की सासूबाई विचारायच्या, "बसलीस काय गो?" त्यात राग नसायचा. तरी मी उठायचे आणि काहीतरी काम शोधायचे.

घरात संडास नव्हता. आसपासही कुणाकडे नव्हता. उजाडायच्या आत बायका लोटे घेऊन वाडीमागच्या ओढ्यापलीकडे जायच्या. तिथे सरकारी राखीव रानाची कड लागायची. ही बायकांची बाजू. पुरुष तिकडे चुकूनही पाऊल टाकत नसत. लाकूडफाट्याला नाही, गुरं चारायला नाही, भाताच्या राबासाठी, रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या छाटायलाही नाही. बाकीचं रान छाटून छाटून बोडकं झालं होतं, आणि हा एवढाच पट्टा करवंद, कुडा, ऐन यांनी गच्च होता. सरकारला जे जमलं नाही ते आमच्या लोट्यांनी राखलं होतं.

एका पहाटे मला तिथून उठवेचना. बाकीच्या गेल्या आणि मी एका दगडावर तशीच बसून राहिले. उजाडलं. कुठेतरी तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू झाली. शेजारच्या झुडपात सातभाईंचं भांडण लागलं, ते मिटलं, पुन्हा लागलं. एक भारद्वाज पालापाचोळ्यातून सावकाश चालत माझ्यासमोरून गेला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला काहीही वाटलं नाही. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे काम न सांगता बघत होतं!

घरी आले तेव्हा सासूबाई दारातच. "एवढा येळ?"

"पोट बरं नाही," मी म्हटलं. खोटं बोलले. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मग ते रोजचंच झालं. उजेडी परसाकडे जाणं बाईमाणसाला शोभत नसे, पण पोटाचं दुखणं म्हटलं की कुणाची बोलायची सोय नव्हती. मी पक्षी बघायचे. पुस्तक नव्हतं, दुर्बीण नव्हती. काहींची नावं माहीत होती, काहींना मीच ठेवली. एक लांब शेपटीवाला पांढरा पक्षी होता, त्याला मी 'नवरदेव' म्हणायचे, कारण तो शेला सांभाळत फिरण्यापलीकडे काही करताना दिसत नसे.

याची किंमत मोजावी लागलीच. सासूबाईंनी कुड्याची साल आणून काढा सुरू केला. "कडू हाय, पन गुण येतो," म्हणत समोर उभ्या राहून प्यायला लावायच्या. सकाळी मी कुड्याच्या पांढऱ्या फुलांखाली बसून यायचे आणि संध्याकाळी त्याचीच साल गिळायचे. घरात सुरमई आली की माझ्या ताटात मऊ भात आणि ताक. मी काही बोलायचे नाही. ते रान मिळत असेल तर सुरमई गेली खड्ड्यात.

एकदा रुईच्या पानाखाली एक कोष लटकलेला सापडला. हिरवा, वरच्या कडेला सोन्याचे ठिपके. पुढे तो काळसर झाला आणि आतले नारिंगी पंख दिसू लागले. त्या सकाळी मी हललेच नाही. फुलपाखरू बाहेर आलं, ओल्या फडक्यासारखे पंख खाली सोडून लटकून राहिलं. उडायची त्याला काही घाई नव्हती आणि मलाही. परतले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. सासूबाई ओढ्यापर्यंत मला शोधत आल्या होत्या.

त्या दुपारी त्या सासऱ्यांशी बोलताना मी ऐकलं. "पोरीचं काय खरं नाय. पार वाळली. उन्हात, काट्यात किती दिवस धाडायची तिला? आपल्या घरात संडास बांदा." सासऱ्यांनी ऐकून घेतलं. लगेच हो म्हणाले.

मी देवाला सांगितलं, गवंडी मिळू देऊ नकोस. तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू होतं, गावोगावचे गवंडी तिकडेच होते. पण सासरे स्वतः खेटे घालून एकाला घेऊन आले. वैशाखात परसात भिंती उभ्या राहिल्या. तेव्हाच रानात हळद्याची मादी ऐनाच्या बेचक्यात घरटं विणत होती. ती तंतू आणून आणून थकत होती आणि नर शेजारच्या फांदीवरून नुसता हुकूम सोडत होता. घरटं निम्मं झालं होतं. इकडे पत्रा चढला.

शेजारच्या बायका बघायला आल्या. "नशीब काढलंस गो," म्हणाल्या. सासूबाईंनी नारळ फोडला आणि सुनेसाठी बांधला असं प्रत्येकीला सांगितलं. मला रडू आलं, ते मी चुलीच्या धुराच्या नावावर खपवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मागच्या दाराशी गेले. सगळे पडवीत चहा पीत होते. सासऱ्यांनी विचारलं, "आता कुटं निगालीस?"

मला खोटं बोलण्याचा अचानक फार कंटाळा आला. "रानात," मी म्हटलं. "पक्षी बघायला. रोज त्यासाठीच जात होते."

मग नवरा हसला, दीर हसले, सासऱ्यांना ठसका लागला. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बगा, हिचं पोट बरं झालं! मस्करी पन सुचाया लागली." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. कुणी माझी कुचेष्टा करत नव्हतं. मी बरी झाले म्हणून ती माणसं आनंदानं हसत होती.

मग मीही हसले, आणि कप विसळायला घेतले.