काळं व्हायला शिकलेला पडदा

इस्पितळात त्यांना सगळे बोर्डकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. रुग्णांचे नंबर दाखवणारे लाल आकड्यांचे चौदा बोर्ड त्यांनी एकवीस वर्षं सांभाळले. सगळे एकाच वायरीवर, एकापुढे एक. मधला एक रुसला की पुढचे सगळे काळे, की लोकांची ओरड, की काका शिडी घेऊन हजर.

आता त्या जागी रंगीत पडदे यायचे होते. नमुन्याचा एक बाहेरच्या दालनात लावला. नंबर, डॉक्टर, खोली, सगळं ठसठशीत. शिवाय प्रत्येक पडद्याचा संसार वेगळा, एक बिघडला तर दुसऱ्याला सोयरसुतक नाही. आठवडाभर वापरून काकांनी लेखी शेरा द्यायचा होता. पडदे पास झाले तर काकांची जागाच उरणार नाही, हेही साहेबांनी स्पष्ट सांगून टाकलं. निवृत्तीला अजून चार वर्षं होती. बायको म्हणाली, हात जोडते, काहीतरी खोट काढा.

खोट काढायला काका एका पायावर तयार होते. पण त्या पडद्याने त्यांना वेडच लावलं. हा नंबर आणतो कुठून? लक्षात ठेवतो कसा? पाचव्या दिवशी राहवलं नाही, आणि त्यांनी नंबर आणणारी मागची केबल हळूच उपटली.

पडदा काळा होईल म्हणून बघत राहिले. कसला काळा होतोय! सदतीस नंबर दिमाखात तसाच. आत नर्सने बटण दाबून अडतीसला बोलावलं, मग एकोणचाळीसला. कोणी येईना, म्हणून दोघांवर गैरहजरची फुली मारली. अडतीस नंबरची आजी बाहेर पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसलेली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. केबल खोचून त्यांनी आजीला आणि तिच्या मागच्या माणसाला स्वतः आत नेलं.

खोट सापडली होती, तीही पक्की. नुसती लिहून दिली असती तरी पडदे परत गेले असते. पण डोक्यातला किडा गप्प बसेना. हे सुधारता येत असेल का? शेवटी त्यांनी पडदे बसवणाऱ्या इंजिनीअरबाईंना फोन केला. दहा सेकंद केबलमधून काहीच आलं नाही, तर जुना नंबर दाखवत न बसता पडद्याने आपण होऊन काळं व्हायचं, असं त्याला शिकवता येईल का? बाई म्हणाल्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

सातव्या दिवशी साहेबांसमोर काकांनी केबल उपटली आणि मोठ्याने आकडे मोजले. दहा म्हणताच पडदा काळाठिक्कर. सगळ्यांच्या आधी काकाच हसले. त्याच भरात त्यांनी ‘उत्तम, बसवावेत’ असं लिहून झोकात सही ठोकली.

घरी आल्यावर सगळा किस्सा त्यांनी हातवारे करून सांगितला. बायकोने शांतपणे ऐकून घेतला.

“म्हणजे त्याची खोट तुम्हीच काढलीत, आणि तुम्हीच बुजवलीत?”

“मग! दुसऱ्या कोणाला सुचलं असतं का?”

“आणि आपलं काय?”

“अगं,” काका हळूच म्हणाले, “सही करताना ते डोक्यातच आलं नाही.”