तुळसाकाकीचं गाऱ्हाणं

तुळसाकाकी मालवणच्या बाजारात मासे विकते. टाइप करायला कोरडे हात लागतात, म्हणून ती सगळे निरोप बोलूनच धाडते. बहिणीसाठी रडत रडत बोललेला निरोप एकदा चुकून वाडीच्या ग्रुपवर गेला. तिने लगेच पुसला, पण तोवर ग्रुपचा ॲडमिन मंगेश याने तो हसरे चेहरे लावून गावभर फिरवला होता. काकीने जाब विचारला, तर म्हणतो, "ॲपवाल्यांका इचार गो काकी. माझो काय संबंध?"

ॲपवाले कुठल्या बंदरावर भेटतात, ते त्यालाच ठाऊक!

जत्रेच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं होतं. मानकरी देवाकडे मागणं मांडतो आणि दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. ते तोंडात इतकं बसलंय की वाक्य कोण ऐकतो? मानकरी थांबताच काकी पुढे झाली. बाईने गाऱ्हाणं घालायची रीत नाही. तिने कुणाला विचारलंच नाही.

"दुसऱ्याचा रडणा गावभर वाटणाऱ्याक सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जेनी ह्या केल्यान, तेनी हयच माफी मागूक व्हयी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज मंगेशचा.

अख्खं देऊळ त्याच्याकडे वळलं. देवासमोर दिलेला होकार मागे कसा घेणार? त्याने कान धरून माफी मागितली.

संध्याकाळी ग्रुपवर त्याचा नियम झळकला: विचारल्याशिवाय कुणाचं काही पुढे पाठवू नये. खाली पहिलं उत्तर काकीचं, अर्थात बोलून:

"व्हय म्हाराजा!"