भैरवी होईपर्यंत

काल मैफलीत एक अभंग संपला. तानपुरे पुन्हा जुळवताना गायिकाबाई सहज म्हणाल्या, "नदीकाठची घरं पाडली, ती माणसं अजून उघड्यावर आहेत. सरकारनं हे बरं केलं नाही." एवढंच. तर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ ताडकन उठून ओरडले, "बाई, तुम्ही फक्त गा! राजकारण नको आम्हाला." वर टाळ्याही पडल्या.

माझं डोकंच फिरलं. आत्ताच्या त्या अभंगात संत तरी दुसरं काय म्हणत होते? गरिबाला छळणाऱ्यांना खडसावतच होते की! त्यावर हेच गृहस्थ मान डोलावत होते. म्हणजे सुरात सांगितलं की भक्ती आणि साध्या बोलण्यात सांगितलं की आगाऊपणा? गाणारीनं काय घरादाराचं, शेजारपाजाऱ्यांचं सगळं विसरून नुसता गळा घेऊन यायचं?

गृहस्थ तणतणत निघाले. बाईंनी शांतपणे भैरवी सुरू केली. भैरवी अर्ध्यावर टाकून आपल्याकडे कुणी जात नाही. ते दाराशीच थांबले, चपला हातात, डोळे मिटलेले. संपल्यावर डोळे पुसत शेजारच्याला म्हणाले, "गळा देवाचा आहे हो. तोंड तेवढं आवरायला हवं."