वरच्या खिडकीचं माप

"तू आधी एक सांग, तुला खोली पाहिजे का सोबत पाहिजे?"

"दोन्ही पाहिजे बाबा. म्हणून तर अडलंय."

"मग दोन्ही घे."

"आणि झोपू कुठं? अर्धी इकडं, अर्धी तिकडं?"

वेल्डरनं हातातला गज खाली ठेवला आणि स्टुलावर बसलेल्या लेकीकडं बघितलं. तिचं कॉलेज सुरू व्हायला आलेलं. वसतिगृहं दोन, दोन्हीकडं तिच्यासाठी जागा धरून ठेवलेली, आणि दोन्हीकडून निरोप एकच: संध्याकाळपर्यंत काय ते कळवा, नाहीतर जागा दुसरीला जाईल.

हा गडी आमच्या गल्लीत खिडक्यांचे गज आणि फाटकं करतो. गल्ली त्याला गजकाका म्हणते. लहानपणी भावंडांच्या रांगेत झोपला, लग्न झाल्यावर दुकानाच्या माळ्यावर. पोर माळ्यावरच जन्मली, खालच्या ग्राइंडरच्या किंचाळण्यात अभ्यास करून शिकली. खोली निवडायची असते हेच काकाला ठाऊक नव्हतं. खोली असते, माणसं तिच्यात मावतात, एवढाच त्याचा हिशेब.

आदल्या दिवशी बापलेक दोन्ही जागा बघून आले. कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत तिघी, गप्पांना तोटा नाही, पण फाटक दिवेलागणीला बंद. खिडकीला जाडजूड गज. काकानं ते हलवून बघितले, नखानं खरवडले आणि "काम चोख आहे" म्हणून मोकळा झाला. दुसरं वसतिगृह खाजगी, वाचनालयाच्या मागं. तिथं वरच्या मजल्यावर एकटीची खोली, येण्याजाण्याला आडकाठी नाही, आणि खिडकी ही एवढी मोठी, सताड उघडी. लेक तिच्यात कोपरं टेकून उभी राहिली ती हलेचना.

काका स्कूटर लावून मागून जिना चढून आला आणि त्यानं घोळ घातला. उघडी खिडकी दिसली की ह्याचा हात आपोआप खिशातल्या टेपकडं जातो. गेला. लेकीला "जरा सरक" म्हणून त्यानं खिडकी उभी-आडवी मापली. मग बाजूच्या खोलीची. मग जिन्यातली. तेवढ्यात मालकीणबाई वर आल्या. त्यांनी लेकीला बघितलं होतं, बापाला नाही. टेप बघून म्हणाल्या, "आलात का एकदाचे! किती वाट बघायची गजवाल्याची? कधी बसवून देता?"

"आठवड्यात," काका म्हणाला.

धंद्यातलं उत्तर, कायम जिभेवर तयार. पोरीची खोली बघायला गेलेला बाप काम घेऊन घरी आला.

"आता तिथंही गज," लेक म्हणाली. "कुठंही गेले तरी तुमचेच गज."

"कॉलेजातले माझे नाहीत. एवढा जाड माल मी वापरत नाही."

"बाबा!"

माळ्यावरून आईनं विचारलं, "ठरलं का गं?"

"ठरत होतं, तेवढ्यात बाबांनी मापून ठेवलं!"

काका पार गांगरला. गज बसले की त्या खोलीला भीती नाही, म्हणजे खोली चांगली झाली. पण गज बसले की लेकीला ती नको, म्हणजे वाईट झाली. एकच खोली, एकाच गजानं बरी पण आणि बिघडलेली पण. त्यानं डोकं खाजवलं, कानावर खोचलेली पेन्सिल खाली पडली.

"मग तुझी खिडकी तेवढी सोडू? पण बाईंना सांगू काय? मुलीला नकोत?"

"हो."

"अगं, मुलीला नकोत म्हणूनच तर आईबाप बसवून घेतात!"

लेकीला हसू फुटलं, ते तिनं दाबलं.

"एकटीला भीती नाही वाटणार?"

"वाटेल की. तिकडं तिघींत अभ्यास होणार नाही, इकडं एकटीला भीती वाटेल. मला तरी कुठं कळतंय? पण ती खिडकी..."

तिनं सरळ बाईंना फोन लावला आणि वरच्या गजांचं विचारलं. मालकीणबाईंचा आवाज माळ्यापर्यंत गेला. "वरच्या मजल्याला गज? कुणी सांगितलं? मला खालच्या खिडक्यांना पाहिजेत. तो मिस्त्री वर काय मापत बसला होता, त्यालाच ठाऊक."

"तो मिस्त्री... म्हणजे माझे वडील आहेत ते."

पलीकडं खो खो हसणं. "बरं बाई. तू येतेयस ना पण?"

लेकीनं बापाकडं बघितलं. बाप हातातली कानस उलटीपालटी करत होता.

"येते," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

"मला काय विचारतेस? मला कळलं असतं तर काल तो जिना मापला असता का?" काकानं पेन्सिल उचलली. "पण एक सांग, वरच्या मजल्यावर चोर येत नाहीत, हे बाईंना कुणी सांगितलं?"

दारात फाटकाचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. "काका, आमचं झालं का?"

"झालंच समजा."

काकानं काळा चष्मा चढवला आणि वेल्डिंगचा रॉड सांध्याला टेकवला. ठिणगी उडेना. पुन्हा टेकवला, तरी नाही.

"अर्थिंगचा चिमटा लावला नाही तुम्ही, करंट कुठनं येणार?" गिऱ्हाईक म्हणालं.

काका स्वतःलाच शिव्या घालत वाकला, चिमटा फाटकाच्या पट्टीला डसवला आणि म्हणाला, "बाजूला व्हा. इकडं बघू नका."