आतल्या फाइली आतच

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मला पहिली नोकरी लागली, तेव्हा आमच्या हॉलमध्ये प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटीच मुलगी होते, आणि अजून कायम झाले नव्हते. वडिलांची गिरणी बंद पडलेली, बोरिवलीचं घर माझ्या पगारावर चाललेलं. त्यामुळे मी तोंड मिटून काम करावं, असं सगळ्यांचंच मत होतं. माझं नव्हतं.

गोदामांचा हिशेब ठेवणारी लायब्ररी माझ्याकडे होती. लायब्ररी म्हणजे एकदा लिहून ठेवलेला कोड, हॉलमधल्या सगळ्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा. खरं काम सोर्स फाइलींत असतं. हेडर फाइल म्हणजे दुकानाबाहेरची पाटी, आत काय मिळेल ते सांगणारी. आमच्याकडे मात्र एकच अगडबंब हेडर होती आणि तिच्यात पाटीपासून गल्ल्यापर्यंत सगळं उघड्यावर मांडलेलं. तिच्यातली एक ओळ बदलली की सगळ्यांचे प्रोग्रॅम पहिल्यापासून कंपाइल व्हायचे, म्हणजे मशीनच्या भाषेत नव्याने उतरायचे, त्यात बराच वेळ जायचा आणि मंडळी खुशाल चहाला जायची. म्हणून ती सगळ्यांची लाडकी.

शिल्लक कमी करायची तर त्या कामापुरता मी लिहिलेला कोडचा तुकडा, म्हणजे माझं फंक्शन वापरायचं, असा नियम होता. ते आधी माल आहे का ते तपासायचं. हॉलमध्ये आमचे एक सीनियर होते, त्यांना तेवढाही धीर नव्हता. हेडरमध्ये आकडा दिसतोय ना, मग ते थेट त्यालाच हात घालायचे. एकदा गिऱ्हाइकाकडे शिल्लक शून्याच्या खाली गेली. लायब्ररी कुणाची? माझी. मग बोलणी कुणी खायची? मीच. साहेबांनी भर हॉलमध्ये मला झापलं. मी सीनियरांच्या कोडमधली ओळ उघडून दाखवली, तर म्हणाले, "तो सीनियर आहे, त्याला कळतं. तू तुझं बघ. पुन्हा असं झालं तर कायम व्हायचं विसर."

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी सांगितलं, तर वडिलांनी जेवता जेवता मान वर करून मालवणीत एवढंच विचारलं, "तुझी चूक नाय मा? मगे भितंस कित्याक?"

भीत नव्हतेच मी. चिडले होते.

तू तुझं बघ म्हणाले होते ना? बघितलं. दोन डिरेक्टरी केल्या, म्हणजे फाइली ठेवायचे दोन कप्पे. बाहेरच्या डिरेक्टरीत एक लहानशी हेडर ठेवली, तिच्यात फक्त फंक्शनांची नावं. नोंदीची रचना, शिल्लक, हिशेबाची सगळी आतडी उचलून आतल्या फाइलींत नेली आणि ती डिरेक्टरी माझ्याशिवाय कुणाला उघडता येणार नाही अशी बंद केली. जुनी हेडर सगळ्यांच्या जागेतून काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सीनियरांच्या टर्मिनलवर एररमागून एरर. "अरे, वाट लागली! शिल्लक कुठे गेली यार?"

"आहे तिथेच आहे," मी म्हटलं. "आत."

साहेब तरातरा आले. "संध्याकाळच्या आत जुनी हेडर परत ठेव."

"नाही ठेवणार."

"तुझी नोकरी अजून कच्ची आहे, लक्षात आहे ना?"

"म्हणूनच नाही ठेवणार. आकडा बिघडला की उत्तर मी द्यायचं, आणि हात कुणीही लावायचा? हेडर बाहेर हवी असेल तर लिहून द्या, यापुढे शिल्लक चुकली तर जबाबदार मी नाही, तुम्ही."

सहीसाठी मी कोरा कागद पुढे केला. साहेबांनी तो बघितला न बघितल्यासारखा केला आणि केबिनमध्ये गेले.

माझं कायम होणं पुढे ढकललं गेलं. 'उद्धट' असा शेराही मिळाला. मिळू दे. गाढवासारखी दुसऱ्याची ओझी वाहून मिळालेला चांगला शेरा मला नकोच होता. घरात महिनाअखेरीला ओढाताण झाली, आई कुरकुरली, तरी मी हेडर परत ठेवली नाही.

शेवटी एका दुपारी सीनियर स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "शिल्लक कमी करायचीय गं. काय करायचं?"

"फंक्शन आहे. त्याला सांगायचं. माल असेल तर ते करेल."

"आणि नसेल तर?"

"नाही म्हणेल."

"मलासुद्धा?"

"तुम्हाला तर आधी," मी म्हणाले.