पडल्यावर हात देणारा शेरमादिन

काखेती या द्राक्षांच्या मुलखात आमच्या गावी शेरमादिनची पावाची भट्टी होती. भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला मोठा रांजण. त्याच्या आतल्या अंगाला कणीक थापायला डोकं खाली घालून कमरेपर्यंत आत वाकावं लागतं. अठरा वर्षं रोज दोनशे वेळा वाकून त्याची कंबर अशी तयार झाली होती, की कुस्तीत त्याने कुणाला कमरेवर घेतलं की बघणारे आधीच "गेला!" म्हणायचे.

आमची कुस्ती बिनबाह्यांच्या जाड बंडीत होते. बंडी धरा, पट्टा धरा, पायात पाय घाला, पण हाताने पाय ओढायचा नाही. शेजारी सनई आणि ढोल वाजतात. सनई माझा मेहुणा गिगोला वाजवायचा आणि ढोल मी. पाठ टेकली की कुस्ती संपली. मग पाडणाराच पडलेल्याला हात देऊन उठवतो. त्यापुढेही काही असतं, हे शेरमादिनला चौतीस वर्षांचा होईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

ते त्याला कळलं ओतारमास्तरांमुळे. हे तिब्लिसीचे ज्युदोचे मास्तर. द्राक्षांच्या तोडणीनंतरच्या जत्रेत शेरमादिनने ओळीने तिघांना लोळवलेलं पाहून ते थेट भट्टीवरच आले.

"शेरमादिन, पुढच्या रविवारी शहरात स्पर्धा आहे. चल माझ्याबरोबर."

"मला ज्युदो येत नाही, मास्तर."

"येतो रे! तुझ्या बंडीला बाह्या लावल्या की झाला ज्युदो."

त्याची बायको पेपेला पाव मोजत होती. ती म्हणाली, "न्या हो, न्या. एक दिवस तरी घरात पिठाचा धुरळा कमी होईल."

मी बरोबर गेलो. बसमध्ये मास्तरांनी सगळे नियम नीट समजावून सांगितले. पण शेरमादिन पहाटे तीनला भट्टी पेटवणारा माणूस, बस हलताच झोपला. नियम ऐकले ते मी.

शहरातल्या सभागृहात सगळं गपगार. शेरमादिनने पंचाला विचारलं, "वाजंत्री कुठाय?" पंचाने त्याला गादीकडे बोट दाखवलं. समोर होता लेनिनग्राडचा झिमिन. उंच, हडकुळा, पेशाने इंजिनीयर. शिट्टी झाली. शेरमादिनने त्याला कमरेवर घेतला आणि धाडकन आपटला. पण पाठ पूर्ण टेकली नव्हती, म्हणून पंचाने अर्धाच गुण दिला. शेरमादिनचं पंचाकडे लक्षच नव्हतं. त्याने हसत वाकून झिमिनला उठवायला हात पुढे केला.

झिमिनने तो हात दोन्ही हातांनी धरला, खाली ओढला, पाय आडवे टाकले आणि असा पिरगाळला की शेरमादिनला दुसऱ्या हाताने गादी बडवावी लागली. हरला! लोक पोट धरून हसले.

परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "वालिको, हे लोक पडल्यावरसुद्धा भांडतात रे?"

दुसरा कुणी असता तर चिडला असता. याने निघण्याआधीच झिमिनला जत्रेचं आमंत्रण दिलं होतं. आणि पुढच्या वर्षी तो खरंच आला! पेपेलाने त्याला उरलेल्या कापडातून बंडी शिवून दिली. ती त्याच्या बेंबीपर्यंतच पोचत होती.

कुस्ती लागली. झिमिन बाह्या शोधतोय आणि हाताला लागतेय हवा! गाव नुसतं खदखदत होतं. मलाही चेव आला. खरं सांगतो, लबाडी केली. त्याचं पाऊल पडायच्या बेतात आलं की मी ठेका बदलायचो. बिचारा लग्नात नाचता न येणाऱ्या व्याह्यासारखा अडखळत होता. शहरातल्या बेइज्जतीचा वचपा काढतोय, असंच मला वाटत होतं.

एकाएकी शेरमादिनने पकड सोडली, माझ्याकडे आला आणि ढोलावर पंजा ठेवला.

"काय वाजवतोयस?"

"कुस्तीचंच की!"

"माझ्या घरी जेवलेला माणूस आहे तो. त्याला ऐकू येईल असं वाजव."

माझे कान तापले. गिगोलाने सनई तोंडातून काढून माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपण त्या गावचेच नाही. मग मी सरळ ठेका धरला. झिमिनने ठेक्याच्या दोन फेऱ्या पावलं मोजली, मान डोलवली. तिसऱ्या फेरीत ढोलाच्या नेमक्या थापेवर त्याने शेरमादिनच्या घोट्याला असा पाय लावला की आमचा भट्टीवाला पाठीवर आडवा!

मग पेपेलाच ओरडली, "अगं बाई! पडतो तर हासुद्धा!" आणि जत्रेत एकच हशा उसळला. सगळ्यात मोठ्याने हसत होता जमिनीवर पडलेला शेरमादिन.

बक्षीस होतं जिवंत मेंढा. झिमिन तो स्टेशनापर्यंत घेऊन गेला, पण गार्डाने त्याला डब्यात चढू दिलं नाही. शेवटी मेंढा शेरमादिनकडेच राहिला. गावाने त्याचं नाव लेनिनग्राड ठेवलं. त्याला कापायचं कुणी मनावर घेतलं नाही. शेरमादिन पुन्हा ज्युदोला गेला नाही. "आडवं व्हायला मला घरी पलंग आहे," म्हणायचा. झिमिनची पत्रं मात्र दरवर्षी यायची, आणि प्रत्येकात शेवटी मेंढ्याची चौकशी असायची. सात वर्षं लेनिनग्राडने भट्टीच्या दारात उभं राहून ताज्या पावांवर ताव मारला आणि उधारीवर पाव मागणाऱ्यांना ढुशा दिल्या.